तपासणीपुरती पाहुणी

सकाळी तो पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला, तर अनवाणी तळव्याला काहीतरी कोमट आणि चिकट लागलं, आणि त्याच्या तोंडात आपसूक शिवी आली. घाण केली असणार. दुसरं काय करणार? चार दिवसांपूर्वी बायकोच्या भावाने आणून टाकलेली ती लांब केसांची पिवळट कुत्री बाल्कनीच्या दारापाशी जुन्या सतरंजीवर पडून असायची, आणि वाटेत ठेवलेलं स्टूल ओलांडावं तसा तो तिला ओलांडून जायचा-यायचा. मेहुण्याचा कोणी मित्र परगावी गेला होता म्हणे. मेहुण्याचे मित्र सारखे परगावी जात. गेल्या वर्षीही एक गेला होता आणि त्याची काळी कुत्री अशीच आठवडाभर इथे राहून गेली होती. त्याआधीही एक बुटकी कोणीतरी येऊन गेली. बायको त्यांना पाहुणी म्हणायची. तो काहीच म्हणायचा नाही. जनावरांचा डॉक्टर, त्यातून श्वानपालन केंद्रांचा तपासणी अधिकारी; दिवसभर परक्यांच्या कुत्र्यांचे जबडे उघडून दात बघायचे, शेपट्या उचलायच्या, पिंजऱ्यांना फूटपट्टी लावायची. घरी आल्यावर तरी कुत्रं बघायचं नाही, एवढी मुभा माणसाला असावी, असं त्याचं ठाम मत होतं आणि ते त्याने बायकोला एकदा ऐकवलंही होतं. त्याने वाकून फरशीला बोट लावलं. मूत नव्हतं. बोट नाकाशी नेलं, आणि तो तसाच ओट्याला धरून उभा राहिला. दूध होतं. ओट्यावरच्या पिशवीतलं नव्हे, ती अजून फोडलेलीही नव्हती. हे अंगातून आलेलं दूध होतं.

कुत्री जागी होती. पुढच्या पायांवर हनुवटी टेकून ती त्याच्याकडे पाहत होती, म्हणजे बहुधा पहिल्या दिवसापासून पाहत असावी. चार दिवसांत त्याने तिच्याकडे पहिल्यांदा नजर टाकली, आणि एकदा टाकल्यावर ती नजर डॉक्टरची होती. ती कुणाला विचारून थांबणारी नव्हती. तोंडाभोवतीचे केस पांढरे. डोळ्यांत फिकट निळी साय. पोटाची कातडी सैल, वर्षानुवर्षं भरून रिकामी झालेल्या पिशवीची. आणि त्या कातडीवर दोन्ही ओळींनी तट्ट फुगलेले, तापलेले सड. मागच्या दोन सडांतून दूध आपोआप गळत होतं, सतरंजी भिजली होती, तिथून ती मघाशी स्वयंपाकघरात येऊन गेली असणार. दोन-अडीच आठवड्यांची पिल्लं. नुकते डोळे उघडलेली. कुठेतरी. त्याच्या मनाने हा सगळा हिशेब त्याच्या परवानगीशिवाय मांडला आणि मग तो त्या हिशेबाला घाबरला. खोटा पान्हा असेल, त्याने स्वतःला सांगितलं. पिल्लं नसतानाही कुत्रीला दूध येतं, पुस्तकात धडाच आहे. म्हाताऱ्या कुत्रीला तर येतंच येतं. खाली खात्याच्या गाडीचा हॉर्न वाजला. बायको न्हाणीघरात होती. दाराबाहेरून विचारता आलं असतं. त्याने विचारलं नाही. मोजे घालताना त्याने तळवा पुसला, तरी तो मोज्यात दिवसभर चिकटच लागत राहिला.

आज ज्या केंद्राची तपासणी होती ते शहराबाहेर, टेकडीच्या उतारावर होतं, आणि तिथे पोचेपर्यंतचा वेळ तो नेहमी लोकांना तुच्छ लेखण्यात घालवायचा. हा त्याचा एकमेव छंद होता असं म्हटलं तरी चालेल. आधी कुत्री घेणाऱ्यांची पाळी. ज्यांना स्वतःच्या आजोबांच्या बापाचं नाव सांगता येत नाही, ते कुत्र्याची सात पिढ्यांची वंशावळ चौकट करून भिंतीवर लावतात. पिल्लू हवं म्हणून मूल रडतं, म्हणून पिल्लू येतं. पिल्लाचं कुत्रं होतं, म्हणून मूल कंटाळतं. मग ते कुत्रं गच्चीवर जातं आणि गच्चीवरून कुठे जातं ते कुणी सांगत नाही. मग कुत्री विकणाऱ्यांची पाळी. ते तर काय, नरकाचे भाडेकरू. मादी म्हणजे त्यांना यंत्र, आणि यंत्राला निदान वंगण तरी घालतात. मग कायदा करणाऱ्यांची. आठ कलमं लिहायला चार वर्षं लागली आणि त्या चार वर्षांत समितीवरच्या एकाही शहाण्याने पिंजऱ्यात वाकून पाहिलं नाही. मादीला ठरावीक वयानंतर वीण नको, दोन विणींत वर्षाचं अंतर हवं, पिल्लू विकण्याआधी ते आईपाशी दाखवलं पाहिजे. उत्तम. पण ही आई कोण आणि ती किती वर्षांची, हे ठरवायचं कुणी? तर त्याने. शेवटी सगळं जग त्याच्या फूटपट्टीपाशी येऊन थांबायचं, आणि हा विचार आला की त्याला बरं वाटायचं.

एक कलम मात्र त्याचं स्वतःचं होतं, आणि त्याचा त्याला अभिमान होता. तपासणीआधी आठ दिवस लेखी सूचना द्यायची. समितीत खात्यातल्या एका सहकाऱ्याने टेबलावर मूठ आपटून सांगितलं होतं, न सांगता धाड घाला, तरच सापडतील. तो सहकारी मिशीला पीळ देऊन बोलायचा आणि खातं म्हणजे आपली तालीम समजायचा. त्याला उत्तर द्यायला हा उठला होता. आपण दरोडेखोर नाही, म्हणाला. सभ्य समाजात दार वाजवून आत जातात. आणि ज्याला नजर आहे त्याला आठ दिवस लपवलेलंही दिसतं. हे वाक्य सगळ्यांना आवडलं होतं. समितीच्या अध्यक्षांनी मान डोलावली होती. ते वाक्य तो अजूनही कधी दाढी करताना आठवायचा. आज गाडीत ते आठवलं तेव्हा मात्र मोज्यातला तळवा त्याने नकळत दुसऱ्या पायावर घासला.

सूचना गेल्याला आठ दिवस झाले होते. पाहुणी येऊन चार. गेल्या वर्षी काळी आली होती ती केव्हा? उन्हाळ्याच्या तोंडाला. आणि तपासण्यांचा हंगाम केव्हा असतो? त्याने खिडकीची काच खाली केली. वारा आला, धूळ आली, काच वर केली. योगायोग असतो. मेहुणा पिंजरे आणि कुत्र्यांच्या खाण्याची पोती विकतो, त्याच्या ओळखी त्याच धंद्यातल्या असणार, त्यात नवल काय? मेहुण्याबद्दल त्याचं मत लग्नाच्या दिवशीच झालं होतं आणि ते बदलायची संधी मेहुण्याने कधी दिली नव्हती. गुळाचा गणपती. 'भावोजी, तुमच्यासारखा माणूस लाखात एक' असं म्हणत आत यायचा आणि जाताना फ्रीज उघडून बघायचा. पण हा इतका विचार करील? इतकी अक्कल त्याला कुठली? हा विचार आला आणि त्याला थोडं हायसं वाटलं, म्हणजे मेहुणा मूर्ख आहे यावर आपला सगळा भार टाकावा लागतोय याची जाणीव होईपर्यंत वाटलं.

बोटाला अजून तो वास होता. साबणाने धुतलं तरी जात नाही, हे त्याला माहीत होतं. फार पूर्वीपासून माहीत होतं. मुलगा दिवस भरायच्या आधी झाला आणि त्याला दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवला, तेव्हा बायको बाहेरच्या बाकावर बसून असायची. आत जायला मिळायचं ते सकाळ-संध्याकाळ थोडा वेळ. मधल्या वेळात दूध यायचंच. दुधाला वेळापत्रक कळत नाही. तिचा ब्लाउज भिजायचा आणि ती दोन्ही हात छातीशी घट्ट धरून भिंतीकडे पाहत बसायची. समोर माणसं बसलेली. तो तिच्या शेजारी येऊन बसला होता आणि हळू आवाजात म्हणाला होता, "शाल नीट घे. सगळे बघतायत." तिने घेतली. पुढे मुलगा वाढला, शिकला, दूरदेशी गेला. आता तो रविवारी फोन करतो आणि हवामान सांगतो. त्या बाकावरचं काहीच आठवण्यासारखं नव्हतं, तरी ते आज गाडीत येऊन शेजारी बसलं. त्याला त्याचा राग आला. कुत्रीवरून बायको आठवावी, याचा जास्त आला.

केंद्राच्या फाटकाशीच फिनेलचा भपकारा आला. तो मनात हसला. ज्या दिवशी फिनेलचा वास कुत्र्याच्या वासावर चढतो त्या दिवशी समजावं, की आठ दिवस इथे लग्नघर होतं. भिंतींना चुना, नळांना पाणी, पिंजऱ्यांवर सावलीची नवी जाळी, प्रत्येक पिंजऱ्यात एक लाकडी फळी, अगदी कलमात लिहिलीय तेवढ्याच मापाची. मालकीणबाई पायरीवर उभ्या होत्या. गळ्यात मोत्यांची एक सर, अंगावर कुत्र्याचा एक केस नाही. ही बाई कुत्र्यांना लेकरं म्हणायची आणि लेकरं विकायची. त्याने तिला गेल्या दोन तपासण्यांत बरोबर ओळखलं होतं: गोड, थंड, आणि घरातल्या आरशाशिवाय कुणाला न घाबरणारी.

"या साहेब. चहा, पाणी विचारत नाही," ती म्हणाली. "तुम्ही कुठेच काही घेत नाही, हे सगळ्या धंद्याला ठाऊक आहे."

ती हसली. दरवेळी हसायची तशीच. त्याला हे ऐकायला आवडायचं, आणि आवडतं हे कुणाला दिसू नये म्हणून तो ताबडतोब फूटपट्टी काढायचा. पाणी न पिण्याची रीत त्याला बापाकडून आली होती. बाप बाजारातली वजनमापं तपासायचा. लहानपणी तो बापाचं बोट धरून दुकानादुकानांतून हिंडला होता. दुकानदार उठून उभे राहायचे, कुणी खुर्ची पुढे करायचं, कुणी पेला. बाप उभ्यानेच तराजू बघायचा आणि भर उन्हात कोरड्या ओठांनी घरी यायचा. "पाण्याचंही मिंधेपण असतं," बाप म्हणायचा. "एक घोट घेतला की तराजूचा काटा नीट दिसत नाही." पुढे जन्मभर त्या बापाशी कुणी मैत्री केली नाही, आणि मेला तेव्हा खांदा द्यायला बाजारातलं कोणी आलं नाही. त्यातूनही याने अभिमानच काढला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो पीळ याच्याकडे वारशाने आला होता. खरं तर वारसा म्हणून दुसरं काही आलंच नव्हतं.

त्याने एकेक पिंजरा पाहिला. वाकून. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही म्हण त्याला कार्यालयातला शिपाई मागून ऐकवायचा, त्याच्या कानावर आलं होतं, आणि त्याने ती शिपायाच्या लायकीबरहुकूम सोडून दिली होती. शेवटी बाळंतिणीची खोली. दिवा लावलेला, खाली गादी, गादीवर पिल्लांचा पुंजका, शेजारी एक तरणीताठी पिवळट कुत्री, गळ्याला पट्टा, पट्ट्याची साखळी भिंतीतल्या कडीला.

"ही आई," मालकीणबाई म्हणाल्या. "पहिलीच वीण. बिचारीला अजून सवय नाही, म्हणून बांधलीय."

त्याने कुत्रीच्या पोटाखाली हात घातला. पोट सपाट आणि घट्ट. सड शर्टाच्या गुंड्यांएवढे, कोरडे. ती बिचकून बाजूला झाली; पिल्लांकडे ती आईने बघावं तशी बघत नव्हती आणि वैरिणीने बघावं तशीही नाही, परक्याच्या सामानाकडे बघावं तशी बघत होती. त्याने पिल्लं एकेक करून उचलली. पिवळट. लांब केस यायची चिन्हं. पोटं पावडरच्या दुधाने ढमढोल फुगलेली आणि पाठीची कातडी चिमटीत धरली की तशीच उभी राहणारी, अंगातलं पाणी आटल्याची. एक पिल्लू गार होतं. मेलं नव्हतं, पण त्याने तोंड उघडलं ते आवाजासाठी नव्हे. हवेत इकडेतिकडे काहीतरी शोधलं, त्याच्या बोटापाशी आलं, आणि तिथे थांबलं. ते बोट चोखू लागलं. बोटाला सकाळचा वास होता.

मोज्यातला चिकट तळवा, मेहुण्याचं गोड तोंड, उन्हाळ्याच्या तोंडाला आलेली काळी, मालकीणबाईंचं दरवेळचं हसू, सगळं एका ओळीत येऊन उभं राहिलं, आणि ते इतकं सोपं होतं की ते आपल्याला इतके दिवस दिसलं नाही याचीच त्याला पहिल्यांदा लाज वाटली. वय झालेल्या माद्या तपासणीपुरत्या कुठे जातात, हे खात्यात कुणाला सुटत नव्हतं. गोदामं पाहिली, शेतावरची घरं पाहिली. जिथे कुणी कधी पाहणार नाही असं एकच घर या शहरात होतं. तिथे आणून ठेवायची, आणि त्या घराचा धनी तिला ओलांडून, फूटपट्टी घेऊन, तिलाच शोधायला बाहेर पडणार. किती हसले असतील! गोष्ट सांगून सांगून हसले असतील. तो जन्मभर ज्यांना तुच्छ लेखत आला होता, त्यांनी त्याला कुठे मोजलंय ते त्याला आता कळलं. लाच द्यायच्याही लायकीचा त्यांनी समजला नव्हता. फुकटात वापरला होता.

सोपं होतं तसं. ही आई नव्हे, असा शेरा मारायचा. मग मालकीणबाई विचारणार, खरी आई कुठाय, दाखवा. आणि ती दाखवायची तर स्वतःच्या घराचं दार उघडावं लागणार. नाहीतर शेरा न मारता सही करून जायचं. संध्याकाळी मेहुणा पाहुणीला घेऊन जाईल, रात्रीपर्यंत पिल्लांना आई मिळेल, सगळं सुरळीत. एवढं गार पिल्लू संध्याकाळपर्यंत टिकणार नाही, हेही त्याला दिसत होतं. त्याने ते दिव्याखाली ठेवलं, तर ते पुन्हा त्याच्या बोटाच्या दिशेने सरकलं.

"मी येईपर्यंत कुणी फाटकाबाहेर जायचं नाही," तो म्हणाला.

"काही राहिलं का साहेब?"

"हो."

तो गाडीत बसला आणि ड्रायव्हरला घराकडे घ्यायला सांगितलं. घरी दार बायकोने उघडलं. कुत्री सतरंजीवर कुशीवर पडली होती, शेजारी कोमट पाण्याचं भांडं, भांड्यात कापड. बायको तिची कास शेकत होती.

"मी हिला घेऊन चाललोय," तो म्हणाला.

"तुम्ही कशाला? संध्याकाळी तो येणार आहे ना न्यायला. तुमची तपासणी लवकर आटोपली का?"

त्याने दार लावून घेतलं. "म्हणजे तुला माहीत होतं."

"काय?"

"ही कुठून आलीय. कशासाठी आलीय."

तिने कापड भांड्यात टाकलं आणि त्याच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, चोरी सापडल्याची कळाही नव्हती, गोंधळ होता. "अहो, म्हणजे काय? तुम्हाला माहीत नव्हतं?"

"मला कोण सांगणार?"

"सांगायला कशाला हवं? मी साधी बाई, मला पहिल्या संध्याकाळी कळलं की हिला पिल्लं आहेत. तुम्ही डॉक्टर. चार दिवस हिच्या अंगावरून जाताय, येताय. तुम्हाला कळलं नाही असं मी कसं धरून चालू? त्या काळीच्या वेळी मी भावाला विचारलं होतं, यांना ठाऊक आहे का? तो म्हणाला, ताई, भावोजींच्या घरात भावोजींना ठाऊक नसताना काही होईल का?"

"आणि तू खरं मानलंस."

"मानलं."

"मी बाहेर कुणाच्या घोटभर पाण्याला शिवत नाही, हे तू बघतेस, आणि तरी..."

"म्हणूनच तर," ती म्हणाली. "म्हटलं, बाहेर एवढं कडक वागणाऱ्या माणसाची एखादी चोरवाट असणारच. कुंपण शेत खातं, त्यात नवीन काय? सगळेच असे असतात. तुम्ही तेवढे वेगळे असं इतकी वर्षं मानलं होतं, ते सोडून दिलं."

"मला विचारायचं होतंस एकदा."

"काय विचारायचं? तुम्ही घरात कधी काही विचारू देता? सगळ्या जगाला नावं ठेवून तुम्ही दमून येता. त्यात मी कुठे आणखी एक तुकडा टाकू?" मग तिचा आवाज खाली आला. "आणि खरं सांगू, वाईट वाटायचं तुमच्याबद्दल, पण मनातून बरंही वाटायचं. चार-आठ दिवस घरात कुणीतरी असायचं."

तो खुर्चीवर बसला. लाज, अपमान, राग, यांतलं काय आधी वाटतंय ते त्याला कळेना. जगाने चोर म्हटलं असतं तर त्याने जगाचा चोळामोळा करून दाखवला असता, तेवढी शिव्यांची शिदोरी त्याच्यापाशी होती. पण ही बाई वर्षभर त्याला चोर समजून त्याला जेवायला वाढत होती, त्याचे शर्ट वाळत घालत होती, चष्मा सापडेना तर शोधून देत होती. भांडली नव्हती. रुसलीही नव्हती. तिने नुसता त्याच्याकडून काही अपेक्षा करायचा नाद सोडला होता आणि ते त्याच्या लक्षातही आलं नव्हतं, कारण तो तिच्याकडेही बघत नव्हता. घरी आल्यावर बघायचं नाही, एवढी मुभा त्याने घेतली होती. त्याला मोठ्याने रडावंसं वाटलं आणि रडू आलं नाही.

"एक पिल्लू गार पडलंय," तो म्हणाला.

बायकोने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं, मग आत गेली आणि तिची जुनी शाल घेऊन आली. कुत्रीच्या पोटाभोवती तिने ती गुंडाळली. "सांभाळून उचला. खूप दुखतंय तिला," ती म्हणाली.

लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरचे गृहस्थ भेटले. "अरे वा, साहेब, कुत्रं पाळलंत?" त्याने कुत्री खांद्याशी सावरली. जड होती कुत्री; तिच्या तोंडाचा म्हातारा वास त्याच्या गालाला येत होता, आणि शर्ट पोटापाशी कोमट भिजत चालला होता. ड्रायव्हरने मागचं दार उघडलं, कुत्रीकडे पाहिलं आणि त्याला मुळीच आश्चर्य वाटलं नाही.

"गेल्या वेळची काळी होती ना साहेब?" त्याने गाडी सुरू करता करता सहज विचारलं.

"तुलाही माहीत होतं?"

ड्रायव्हरने आरशातून पाहिलं आणि पटकन नजर रस्त्यावर नेली. "आम्ही काय साहेब. आम्हाला वाटलं, तुमचं तुम्हाला ठाऊक." मागच्या सीटवर कुत्रीचं डोकं साहेबाच्या मांडीवर होतं. टेकडीचा चढ लागला तशी ती उठून बसली. काचेला नाक लावलं. थरथरू लागली, आणि शालीतून दूध सीटवर गळू लागलं. नुसत्या रस्त्याच्या वळणाने तिला पान्हा फुटला होता. खोटा पान्हा, त्याला आठवलं. धड्यात असं काही लिहिलेलं नव्हतं.

फाटकाशी त्याने तिला खाली ठेवलं आणि सोडलं. तिला वाट दाखवावी लागली नाही. म्हाताऱ्या पायांनी, शाल फरफटत, ती नव्या चुन्याच्या भिंती, मापाच्या फळ्या, सगळं मागे टाकत थेट बाळंतिणीच्या खोलीत शिरली. तो पोचला तेव्हा ती आडवी झाली होती आणि पिल्लं एकमेकांवर चढून तिला लुचत होती. गार पिल्लू मागे राहिलं होतं. तिने मान लांबवून त्याला चाटलं, पुन्हा चाटलं, नाकाने पुढे ढकललं. ते लागलं. बांधलेली तरणी कुत्री साखळीच्या टोकापर्यंत सरकून बसली, सुटल्यासारखी.

मालकीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी कुत्रीकडे पाहिलं, त्याच्या भिजलेल्या शर्टाकडे पाहिलं. मोत्यांची सर त्यांनी बोटाने सरळ केली. एवढाच काय तो त्यांचा धक्का.

"सापडली म्हणायची," त्या म्हणाल्या. "बरं झालं. पण साहेब, पंचनाम्यात जागा लिहावी लागते ना, कुठे सापडली ती?"

त्याने पंचनाम्याचा कागद बाहेर काढला.

"माझं ऐका. टेकडीखाली, रस्त्याच्या कडेला सापडली, असं लिहा. मी सही करते. दंड भरते. केंद्र महिनाभर बंद ठेवा हवं तर." तिचा आवाज आता खरोखरच मायाळू होता, कुत्र्यांशी बोलताना लावायची तसा. "तुमचं नाव आम्ही आजवर कुठे घेतलं नाही, पुढेही घेणार नाही. माणसाची अब्रू आम्हाला कळते. घरी बायको आहे, नोकरीची थोडी वर्षं राहिलीत. कशाला?"

त्याला तिच्याबद्दल शिवी सुचेना. आयुष्यात पहिल्यांदा, ऐन वेळी, शिवी सुचेना. ती खोटं काहीच बोलत नव्हती. ती त्याला आपल्यातला एक समजून वाचवत होती, आणि त्याहून खाली त्याला आजवर कुणी ढकललं नव्हतं. त्याने ड्रायव्हरला हाक मारली. एक साक्षीदार तो, दुसरा पिंजरे धुणारा गडी. कागद फळीवर ठेवला आणि मोठ्याने म्हणत, सगळ्यांना ऐकू जाईल असं, लिहायला लागला. मादीचं वय. कासेची अवस्था. पिल्लांची अवस्था. मग जागा. इमारत, मजला, दाराचा क्रमांक, दारावरच्या पाटीवरचं नाव, आणि त्या नावापुढचा हुद्दा. 'सदर घराची तपासणी यापूर्वी कधीही झालेली नाही,' एवढं लिहून त्याने खाली सही केली. ड्रायव्हर मान खाली घालून उभा होता. गड्याला काहीच कळलं नव्हतं. मालकीणबाईंच्या तोंडावरचं दरवेळचं हसू आज पहिल्यांदा नव्हतं, आणि त्यालाही त्यात काही जिंकल्यासारखं वाटलं नाही.

खोलीत लुचण्याचा चुटुकचुटुक आवाज चालू होता. ऊन तापलं होतं, घशाला कोरड पडली होती. बाप असाच कोरड्या ओठांनी घरी यायचा.

"मला पाणी द्या," तो मालकीणबाईंना म्हणाला.

त्या स्वतः आत जाऊन पेला घेऊन आल्या. तो पायरीवर बसला आणि त्याने ते सगळं पाणी पिऊन टाकलं.